भोक, छिद्र, रंध्र: घाम बाहेर येतो, मग आंघोळीचं पाणी आत का जात नाही?

निरगाठ | संध्या. ७:४०

माझी भाची आठ वर्षांची आहे. काल आंघोळ करून ओल्या केसांनीच समोर येऊन उभी राहिली. "मावशी, घाम कातडीतल्या भोकांतून बाहेर येतो ना?" म्हटलं, हो. "मग आंघोळीचं पाणी त्याच भोकांतून आत का जात नाही? मी फुगले का नाही?"

मी आधी "ती भोकं फार बारीक असतात" म्हणून पाहिलं. "पण घामही पाणीच आहे की," हे उत्तर तयार होतं. मग "ती दारासारखी एकाच बाजूनं उघडतात" असं ठोकून दिलं. तिला पटलं. मलाच पटलं नाही, म्हणून हा धागा.

रात्री वाचायला बसले तर विषय भलताच पसरला. पानांना रंध्रं, झुरळाला रंध्रं, अंड्याच्या कवचाला, मातीला, खडकाला, आणि पेशीच्या पडद्यालासुद्धा. शार्कच्या थोबाडावरही म्हणे ठिपक्यांसारखी रंध्रं असतात. एका शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या गोष्टी कशा? बरं, आपल्याकडे शब्दही भरपूर. भिंतीला भोक पडतं, मोत्याला वेज पाडतात, नाकपुडी म्हणजे नासारंध्र, दुसऱ्याचे दोष हुडकत फिरणारा तो छिद्रान्वेषी. मला वाटतं फरक आपल्याला आतून कळत असावा: भोक पडतं, रंध्र असतं. पण "असतं" म्हणजे नक्की काय करतं, ते जाणकारांनी सांगा. शक्यतो मुलीला सांगता येईल अशा भाषेत.

मधलीसुट्टी | ७:५२

रुमाल टाकून ठेवतो. भाचीला दंडवत.

बिनचष्मा | रात्री ८:२५

त्वचेचा डॉक्टर आहे, त्यामुळे पहिला घास माझा.

उत्तर बारीकपणात नाहीच. घामाचं रंध्र आरपार नसतं. ती एक नळी आहे. वरचं तोंड त्वचेवर उघडं, खालचं टोक बंद. खाली त्या नळीचं लोकरीच्या गुंड्यासारखं वेटोळं झालेलं असतं, तीच घर्मग्रंथी. वेटोळ्याच्या भिंतीतल्या पेशी आजूबाजूच्या द्रवातून पाणी आणि मीठ घेऊन नळीत सोडतात. आंघोळीचं पाणी नळीच्या तोंडाशी शिरलं तरी पुढं पेशींची सलग भिंत आहे. बाटलीत बोट घातलं म्हणून ते काचेत शिरत नाही, तसंच. नळीची पोकळी ही अजून "बाहेर"च आहे, फक्त ती खोल गेलेली बाहेर आहे.

माणसाच्या अंगावर अशा २० ते ४० लाख ग्रंथी असतात. त्यांची तोंडं साध्या डोळ्याला दिसत नाहीत. आरशात नाकावर जे खड्डे दिसतात आणि ज्यांच्यापायी लोक माझ्याकडे येतात, ती केसांच्या मुळांची तोंडं. केस कधी इतका बारीक असतो की दिसतच नाही, पण मूळ असतं आणि त्याला चिकटून तेलाची ग्रंथी असते. तेल त्याच वाटेनं वर येतं. म्हणजे "त्वचेची रंध्रं" म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात घालतो.

आता हात लागलाच आहे तर सांगूनच टाकतो. वाफ घेतली की रंध्रं उघडतात आणि गार पाण्यानं मिटतात, हे खरं नाही. रंध्राच्या तोंडाला मिटायला स्नायूच नाही. केसाच्या मुळाला एक स्नायू असतो, पण तो केस उभा करतो, अंगावर काटा येतो तो त्याच्यामुळं. वाफेनं तेल जरा मऊ होतं, एवढंच. नाकावर पट्टी लावून ओढल्यावर जे पांढरट तंतू निघतात ते पाहून लोकांना घाण निघाल्याचा आनंद होतो. ते नेहमीचं तेल आणि मेलेल्या पेशी. काही आठवड्यांत नळी पुन्हा भरते. भरायलाच हवी, तेच तिचं काम. आणि काळ्या टोकाच्या पुटकुळीतला काळेपणा धुळीचा नसतो. हवेशी संयोग झालेलं तेल आणि त्वचेचाच रंग असतो तो.

घामाच्या कामाबद्दल एकच आकडा. एक लिटर घाम अंगावर वाळला तर जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ओघळून खाली पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. दमट हवेत जीव कासावीस होतो तो त्यामुळं. रंध्रं काम करत असतात, पण घाम वाळत नसतो.

टोच्या | ८:४१

डॉक्टर, सगळं मान्य. पण मग पाण्यात तासभर बसल्यावर बोटं मनुक्यासारखी होतात ती कशी? पाणी आत गेल्याशिवाय?

बिनचष्मा | ८:५८

टोच्या, तुमच्याकडून हीच अपेक्षा होती. :)

पूर्वी आम्हीही असंच समजायचो की वरचा मेलेला थर पाणी पिऊन फुगतो आणि चुण्या पडतात. अडचण अशी की ज्या बोटाची नस तुटलेली आहे ते बोट कितीही वेळ पाण्यात ठेवा, सुरकुतत नाही. हे १९३० च्या दशकापासून माहीत आहे. कातडी तीच, पाणी तेच, तरी चुण्या नाहीत. म्हणजे चुण्या मज्जातंतू पाडतात: बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतला भराव कमी होतो आणि वरची कातडी सैल पडते. मज्जातंतूंना खबर कशी लागते, तर घामाच्या नळ्यांच्या तोंडात पाणी शिरल्यानं तिथला खारेपणा बदलतो, त्यावरून, असं मानतात. तेव्हा तुमचा मुद्दा अगदीच फुकट गेला नाही. पाणी दारापर्यंत येतं, घरात येत नाही.

भाचीला भिंगातून स्वतःच्या बोटाचं टोक दाखवा, जरा धावून आल्यावर. ठशाच्या रेषा असतात ना, त्यांच्या कण्यावर ओळीनं घामाचे टिपके चमकताना दिसतील. घळीत नाही, कण्यावर. या टिपक्यांच्या जागाही प्रत्येकाच्या वेगळ्या. एदमाँ लोकार या फ्रेंच तज्ज्ञानं १९१२ साली त्यावरूनच माणूस ओळखायची पद्धत मांडली होती, ठसा अर्धवट असला तर उपयोगी पडेल म्हणून.

पानगळ | ९:३०

डॉक्टरांची रंध्रं मिटत नाहीत हे वाचून बरं वाटलं, कारण माझी मिटतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि माझ्या मते या धाग्याचा खरा नायक पान आहे.

आधी बघायचं कसं ते सांगते. एखादं जाडसर, गुळगुळीत पान घ्या. खालच्या बाजूला नखाएवढ्या जागेत बिनरंगी नेलपॉलिश पातळ लावा. पुरतं वाळू द्या, दहा-पंधरा मिनिटं. मग पारदर्शक चिकटपट्टी त्यावर दाबून हळूच सोला. पापुद्रा पट्टीसोबत येतो. तो काचेवर चिकटवून साध्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. आधी नुसत्या वेड्यावाकड्या फरशा दिसतात, त्या पानाच्या वरच्या थराच्या पेशी. मग नजर बसते आणि फरशांमध्ये जागोजागी जरासे विलग झालेले ओठ दिसायला लागतात. मी वीस वर्षं हे पाहतेय, अजूनही पहिल्या क्षणी कुणीतरी आपल्याकडे पाहतंय असंच वाटतं.

ते ओठ म्हणजे दोन रक्षक पेशी. मधली फट ते पर्णरंध्र. उघडं असतानाही फटीची रुंदी जेमतेम पाच-दहा मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. एका चौरस मिलिमीटरमध्ये अशी शे-दोनशे सहज, काही झाडांत त्याहून बरीच जास्त. उघडायची तऱ्हा मोठी सुरेख आहे. उजेड आला की रक्षक पेशी पोटॅशियम आत ओढून घेतात. त्यामागोमाग पाणी येतं. पेशी फुगते, पण तिची फटीकडची भिंत जाड आणि भिंतीतले धागे कड्यांसारखे आडवे गुंफलेले, म्हणून ती गोल न फुगता वाकते. दोन्ही पेशी एकमेकींपासून दूर वाकल्या की मध्ये फट. पाणी कमी पडलं की झाडात ॲबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं, पोटॅशियम बाहेर जातं, पेशी लुळ्या पडतात, फट मिटते. स्नायू नाही, बिजागरी नाही, मेंदू नाही. नुसतं पाण्याचं आत-बाहेर करणं.

आणि हे सगळं कशासाठी? कार्बन डायऑक्साइडसाठी. पानाला अन्न बनवायला तो हवा आणि हवेत तो अगदी थोडा असतो, ०.०४ टक्क्यांच्या आसपास. तो आत घ्यायला दार उघडावं तर आतली ओल बाहेर पळते. मुळांनी वर चढवलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त असं वाफ होऊन उडून जातं. झाड ते "वापरत" नाही, देऊन टाकतं.

टोच्या | ९:४४

म्हणजे शंभर रुपये मिळवायला पंचाण्णव उधळायचे. झाडाला हिशेबनीस बदलायला सांगा.

पानगळ | १०:०५

हिशेबनीस दुसरा मिळत नाही हो. कार्बन डायऑक्साइड आत सोडेल पण वाफ अडवेल असा पडदा निसर्गात झाडांना सापडलेला नाही. पाण्याचा रेणू त्याच्याहून लहान. मोठ्याला वाट दिली की छोटा निसटतोच. मग उरतं काय, तर कधी उघडायचं ते ठरवणं. वाळवंटातल्या निवडुंगांनी वेळ बदलली: रात्री गारव्यात दारं उघडायची, वायू आम्लाच्या रूपात साठवायचा, दिवसा दारं लावून त्याच साठ्यावर अन्न करायचं. याची पहिली खूण जिभेनं पटली होती. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञानं पानफुटीची पानं सकाळी चाखली तर आंबट लागली, दुपारी बेचव. हे निरीक्षण १८१५ साली छापून आलं. रात्रभर साठवलेलं आम्ल दिवसा खर्च होतं, तोच तो फरक.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. सगळी रंध्रं उघडी असली तरी फटींचं मिळून क्षेत्रफळ पानाच्या एक-दोन टक्केच भरतं. तरीही पान वाफ किती सोडतं? तेवढ्याच आकाराच्या उघड्या पाण्याच्या जवळपास निम्म्यापर्यंत. एक-दोन टक्के फटीतून निम्मं काम कसं? ब्राउन आणि एस्कोम्ब या दोघांनी १९०० साली याचा छडा लावला. छिद्र बारीक असेल तर त्यातून निसटणाऱ्या वायूचं प्रमाण क्षेत्रफळावर नाही, व्यासावर ठरतं, कारण काठावरचे रेणू बाजूंनाही पांगतात. दार जितकं लहान, तितका काठाचा वाटा मोठा. म्हणून एका मोठ्या भोकापेक्षा मिळून तेवढ्याच क्षेत्रफळाची हजार बारकी छिद्रं, नीट अंतर ठेवून पाडलेली, कितीतरी जास्त वायू सोडतात. पानानं भोकं पाडण्यात कंजुषी केलेली नाही, ही तर चलाखी आहे.

जाता जाता: इयन वुडवर्ड यांनी १९८७ साली जुन्या संग्रहातली वाळवून ठेवलेली पानं तपासली. गेल्या दोनशे वर्षांत रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, मग कमी दारांत भागायला लागलं. हवा बदलल्याची नोंद झाडांनी आपल्या अंगावरच करून ठेवली होती.

मधलीसुट्टी | १०:१५

वाचनखूण साठवली. पहाटे गवताच्या टोकावर थेंब असतो तोही रंध्रातूनच का? की दव?

पानगळ | १०:२२

दोन्ही असू शकतं. सगळ्या पात्यावर बारीक शिंतोडे असतील तर दव. अगदी टोकाला किंवा पानाच्या कडेला ओळीनं, शिरा संपतात तिथंच टपोरे थेंब असतील तर ते झाडानं आतून ढकललेलं पाणी. ती जलरंध्रं. त्यांना मिटता येत नाही. रात्री पर्णरंध्रं बंद, मुळं मात्र पाणी ढकलतच असतात, ते जाणार कुठं?

मुरूम | १०:५०

भूजलात काम करतो. पानांचं कौतुक झालं असेल तर जरा जमिनीवर या.

बिनचष्मा | १०:५३

नाव वाचून आधी वाटलं माझेच पेशंट.

मुरूम | ११:२०

डॉक्टर, तो मुरूम वेगळा, हा खणायचा. :)

चांगल्या मातीचा एक डबा उचला. त्यातला जवळपास निम्मा ऐवज माती नसतोच. कणांमधल्या मोकळ्या जागा असतात त्या, काही पाण्यानं भरलेल्या, काही हवेनं. मुळं या मोकळ्या जागेत जगतात. आमच्या धंद्यात नवख्यांची पहिली चूक हमखास ठरलेली: जास्त रंध्रं म्हणजे जास्त पाणी. नाही. चिकणमातीत रंध्रांचं प्रमाण वाळूपेक्षा जास्त असतं, तरी पाणी वाळूतून धावतं आणि चिकणमातीत अडून बसतं. वाळूत जागा थोड्या पण ऐसपैस. चिकणमातीत जागा अगणित पण इतक्या चिंचोळ्या की पाणी कणांना चिकटून राहतं. अगदी बारीक रंध्रातलं पाणी मूळसुद्धा ओढू शकत नाही. माती ओलसर दिसते आणि रोप मान टाकतं, ते असं.

किती जागा आहे हा एक प्रश्न, आणि त्या जागा एकमेकींना जोडलेल्या आहेत का हा दुसरा. दुसरा जास्त महत्त्वाचा. ऑंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्यानं १८५६ साली वाळू भरलेल्या उभ्या नळ्यांतून पाणी सोडून किती वेगानं झिरपतं ते मोजलं. आम्ही आजही त्याच्याच नियमानं हिशेब करतो.

माती तुडवली, जड यंत्र फिरवलं की आधी मोठी रंध्रं दबतात. बारीक टिकतात. म्हणजे हवा आणि निचरा जातो, चिकटून राहणारं पाणी उरतं. गांडुळाचं बीळ मात्र एकटंच शेकडो बारक्या रंध्रांचं काम करतं.

टोच्या | ११:३१

एक शंका, खोडसाळ नाही. ज्वालामुखीच्या दगडात फुगे असतात ना, प्युमिस की काय तो, पाण्यावर तरंगणारा. त्यातले बंद फुगे ही रंध्रं की भोकं? त्यातून तर काहीच जात-येत नाही. मग निरगाठताईंची "भोक पडतं, रंध्र असतं" ही व्याख्या कोसळते.

मुरूम | ११:४०

आम्ही त्यालाही रंध्रच म्हणतो, फक्त "जोडलेली" आणि "तुटक" असा भेद करतो. प्युमिसचा ८०-९० टक्के भाग पोकळ असू शकतो. फुग्यांमध्ये हवा अडकलेली असते तोवर तरंगतो, पाणी शिरत गेलं की कधीतरी बुडतो. व्याख्येचं तुम्ही बघा, मला झोप आली.

खोपा | सकाळी ६:३५

पक्षीवाला आहे, म्हणून पहाटे. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा) ताई, धागा मस्त.

कोंबडीच्या अंड्याच्या कवचात साधारण दहा हजार रंध्रं असतात. आतल्या पिलाला चोच आहे, फुप्फुसं घडतायत, पण एकवीस दिवसांतला बहुतेक काळ ते श्वास घेतच नाही. ऑक्सिजन आपणहून रंध्रांतून आत पसरतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर. कुणी ढकलत नाही, ओढत नाही. सोबत वाफही जाते, आणि इथं गंमत आहे: पानाला ते नुकसान, अंड्याला ती गरज. उबवणीत अंड्याचं वजन १२-१५ टक्क्यांनी घटतं. जितकं पाणी उडतं तितकी जागा बोथट टोकाला हवेची पोकळी म्हणून तयार होते. बाहेर पडायच्या आधी पिल्लू चोचीनं तिथला पडदा फोडतं आणि पहिला श्वास घेतं तो त्या पोकळीतला. हवा फार दमट असली, पाणी पुरेसं उडालं नाही, तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरू शकतं.

भाचीसाठी प्रयोग: अंडं सोसवेल इतक्या कोमट पाण्यात सोडा आणि बोथट टोकाकडे बघत बसा. बारीक बुडबुड्यांच्या माळा निघतात, आतली हवा तापून पसरते आणि वाट मिळेल तिथून निघते. कवच भक्कम दिसतं खरं, पण ते चाळणीच आहे.

तुम्ही झुरळाचं म्हणालात. त्याच्या दोन्ही कुशींना मिळून श्वासरंध्रांच्या दहा जोड्या. प्रत्येकाला झडप, ती पाणी वाचवायला लावताही येते. रंध्रापासून नळ्या थेट पेशींपर्यंत जातात, हवा वाहायला रक्त लागत नाही. श्वास तोंडातून नसल्यानं डोकं तुटलेलं झुरळ काही दिवस जगतं, हे ऐकून किळस आली तर माझ्याकडे तक्रार नको.

खडूफळा | ७:१०

कुणीच स्पंज काढला नाही! शाळेत "रंध्रीय प्राणी" म्हणून पाठ केलेला, ऑस्टिया आणि ऑस्क्युला. सगळ्या अंगभर बारीक छिद्रांतून पाणी आत, वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर. तोंड नाही, पोट नाही. आत कॉलर पेशी शेपट्या हलवून प्रवाह चालू ठेवतात आणि पाण्यातले कण गाळून खातात. काही स्पंज तासाभरात स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट पाणी उपसतात.

फार काळ याला वनस्पती की प्राणी हाच वाद होता. रॉबर्ट ग्रँट या स्कॉटिश डॉक्टरानं जिवंत स्पंजाचा तुकडा समुद्राच्या पाण्यात घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि छिद्रातून कारंज्यासारखा प्रवाह बाहेर पडताना पाहिला. ते साल १८२५. पुढं या संघाला "छिद्रं धारण करणारे" अशा अर्थाचं लॅटिन नावही त्यानंच दिलं.

शार्कचं राहिलंच. त्याच्या थोबाडावरच्या रंध्रांतून काहीच आत-बाहेर होत नाही. आत लिबलिबीत जेली भरलेली असते आणि तळाशी विजेची चाहूल घेणाऱ्या पेशी. वाळूत दडलेल्या माशाच्या स्नायूंची अगदी क्षीण वीज त्याला कळते. स्तेफानो लोरेन्झिनीनं ही रंध्रं १६७८ साली वर्णन केली. ती कशासाठी आहेत हे कळायला विसावं शतक उजाडलं.

टोच्या | ७:२२

म्हणजे विजेचं रंध्र. व्याख्या दुसऱ्यांदा कोसळली.

कोषस्थ | ९:०५

मी पेशींच्या पडद्यावर काम करते, टोच्या, तुमच्यासाठी तिसरा धक्का घेऊन आले आहे.

आतापर्यंतच्या सगळ्या रंध्रांत एक गोष्ट आपण गृहीत धरली: लहान ते जाईल, मोठं ते अडेल. पेशीच्या पडद्यात असं एक रंध्र आहे जे उलट वागतं. पोटॅशियमची वाट. पानगळताईंच्या रक्षक पेशींत आहे, तुमच्या मेंदूतही आहे. त्यातून पोटॅशियम सेकंदाला कोटींच्या घरात जातं. सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान आहे, तरी त्याला जवळपास प्रवेशच नाही. हजारो पोटॅशियममागे एखादा चुकून.

कारण असं: पाण्यात प्रत्येक आयनाभोवती, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणाभोवती, पाण्याच्या रेणूंचं कोंडाळं असतं. वाट इतकी अरुंद की ते उतरवल्याशिवाय आत येता येत नाही, आणि उतरवायला ऊर्जा खर्ची पडते. या रंध्राच्या आतल्या भिंतीवर ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर मांडलेत की पोटॅशियमला ते पाण्याच्या कोंडाळ्यासारखेच वाटतात. एक शाल काढली की दुसरी तयार. सोडियम बारीक पडतो, भिंतीवरचे सगळे ऑक्सिजन त्याला एकदम भिडत नाहीत, म्हणून तो आपली शाल सोडतच नाही आणि दारात अडतो. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली या वाटेची रचना प्रत्यक्ष दाखवली.

पाण्याच्या रंध्राची कथा वेगळीच. पाणी पेशीत शिरतं कसं यावर वर्षानुवर्षं वाद होता, बरेच जण म्हणायचे पडद्यातून आपसूक झिरपत असेल. पीटर ॲग्री रक्तातल्या ऱ्हीसस गटाच्या प्रथिनावर काम करत होते आणि त्यांच्या नमुन्यात एक आगंतुक प्रथिन सारखं डोकावायचं. ते काय करतं ते तपासायला त्यांच्या गटानं बेडकाच्या अंडपेशींना ते प्रथिन बनवायला लावलं आणि त्या गोड्या पाण्यात सोडल्या. साध्या अंडपेशी होत्या तशाच राहिल्या. प्रथिनवाल्या फुगल्या आणि फुटल्या. ते १९९२ साल. त्या प्रथिनाला पुढं ॲक्वापोरिन हे नाव पडलं. एका रंध्रातून सेकंदाला सुमारे तीनशे कोटी पाण्याचे रेणू एकामागोमाग एक जातात, आणि त्यांच्या गर्दीत घुसू पाहणारा प्रोटॉन (हायड्रोजनचा भारित कण) मात्र जात नाही. मॅकिनन आणि ॲग्री यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

निरगाठ, तुमच्या भाचीचा फुगायचा प्रश्न बेडकाच्या अंडपेशीवर खराच करून पाहिला गेलाय. तिला नक्की सांगा.

आणि रंध्र हे शस्त्रही असतं. आपल्या शरीरातल्या मारक पेशी विषाणूनं पछाडलेल्या पेशीच्या पडद्यात परफोरिन नावाच्या प्रथिनाची कडी रोवतात. कित्येक जिवाणू हीच युक्ती आपल्या पेशींवर वापरतात. तिथं मात्र भोक पडतं. "भोक पडतं, रंध्र असतं" हे मला म्हणूनच आवडलं, व्याख्या म्हणून टिकणार नाही हे माहीत असूनही.

टोच्या | ९:१७

मी व्याख्येवरचा दावा मागे घेतो. शाल काढून.

निरगाठ | दोन दिवसांनी, दुपारी ४:१०

सगळ्यांचे आभार. अहवाल देते.

अंड्याचा प्रयोग झाला, बुडबुडे आले. शाळेकडून सूक्ष्मदर्शक एका संध्याकाळीपुरता मिळाला. पानाच्या खालच्या बाजूचा पहिला छाप फाटला (मी घाई केली), दुसरा झकास आला. वरच्या बाजूच्या छापात नुसत्या फरशा, खालच्या बाजूच्या छापात ओठच ओठ. नजरेच्या टप्प्यात तिनं एकेचाळीस मोजले, मग मोजायचं सोडून वहीत काढत बसली. प्रत्येकाला दात काढलेत.

नंतर जिन्यावरून तीनदा वर-खाली पळून आली आणि भिंगाखाली बोट धरलं. रेषांवर ओळीनं टिपके, डॉक्टर म्हणाले तसेच. पाणी आत का जात नाही तेही सांगितलं, बाटली आणि बोट दाखवून. ते पटलं. लगेच पुढचा प्रश्न: "पानाला ओठ आहेत, मग मला का नाहीत?"

बिनचष्मा | ४:३२

तिला सांगा, तुझा नळ तोंडाशी बंद होत नाही, तळाशी बंद होतो. ग्रंथीला मज्जातंतूचा निरोप मिळाला की घाम, नाही मिळाला की नाही. हुकूम मेंदूतून सुटतो, अंगभर एकदम. पानाला मेंदू नाही, म्हणून प्रत्येक तोंडाला आपापलं बघावं लागतं.

निरगाठ | ५:०५

सांगितलं. ती म्हणाली, बघूनच खात्री करते. बिनरंगी नेलपॉलिश संपलं होतं म्हणून बोटाचा छाप लाल नेलपॉलिशनं काढायला घेतलाय. छाप अजून यायचाय. सोफ्यावर आलाय.